बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत: पैसे द्यावेत, वस्तू की आणखी काही?

पायवाट

आमच्या ऑफिसातल्या पंधरा-वीस जणांनी मिळून रात्रनिवारा चालवणाऱ्या एका संस्थेला मदत करायचं ठरवलंय. मदत करायची यावर एकमत आहे, कशी करायची यावर गाडी अडली आहे. काही जण म्हणतात, वर्गणी काढून एकरकमी पैसे देऊन मोकळे होऊ. काहींना शंका आहे की पैसे 'ऑफिसखर्चात' जातील, म्हणून त्यांना 'फक्त ब्लँकेटसाठी' अशी अट घालून द्यायचे आहेत. तिसरा गट घराघरांतून जुने कपडे आणि पांघरुणं गोळा करायला निघालासुद्धा. शिवाय सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक करून पाकिटं वाटावीत असाही एक प्रस्ताव आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं: पैसे एकदम की दरमहा? कोणत्या मार्गाने दिले तर मधे कमी कापले जातात? अट घालावी का? जुन्या वस्तू खरंच कामाला येतात का? आणि संस्था खरी आहे हे कशावरून ओळखायचं? 'भावना महत्त्वाची' छापाचे प्रतिसाद नकोत, तपशील हवेत.

जमाखर्च

पैशांपुरतं लिहितो. वस्तूंबद्दल कोठी सांभाळणारी मंडळी सांगतीलच.

दरमहा द्या, रक्कम लहान असली तरी. निवाऱ्याचा खर्च म्हणजे भाडं, वीज, पाणी, रात्रपाळीचे पगार, चादरींची धुलाई, ढेकणांसाठी फवारणी. हे सगळं दर महिन्याला ठरल्यासारखं दारात येतं. देणग्या मात्र सणासुदीला, थंडीची लाट आल्यावर आणि आर्थिक वर्ष संपताना येतात. मग खात्यात पैसा दिसत असूनही रात्रपाळीला आणखी एक माणूस नेमायची हिंमत होत नाही, कारण सहा महिन्यांनी त्याला पगार कुठून द्यायचा? आणि लक्ष ठेवायला माणूस नसेल तर जागा असूनही खाटा लावता येत नाहीत.

मार्गाबद्दल: सगळ्यात कमी गळती थेट बँकेतून बँकेत पाठवण्यात आहे. कार्डाने दिलं की पेमेंट गेटवे टक्केवारी कापतो आणि बऱ्याचदा प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक रक्कमही घेतो, त्यामुळे छोट्या देणगीतून प्रमाणात जास्त जातं. क्राउडफंडिंगच्या (लोकांकडून ऑनलाइन निधी गोळा करणाऱ्या) साइटवर याशिवाय साइटला द्यायची 'टिप' असते. तिचा आकडा बऱ्याचदा आधीच भरलेला असतो. तो बदलता येतो, शून्यही करता येतो, पण पानाच्या तळाशी असल्यामुळे फार जण तिकडे बघत नाहीत.

वर्गणी काढून एकाच्या खात्यातून पाठवायचा विचार असेल तर जरा थांबा. पावती ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्याच नावाने निघते, बाकीच्यांना करसवलत मागता येत नाही. आपापल्या खात्यातून पाठवा. त्याच दिवशी संस्थेला ईमेल करा: पूर्ण नाव (करखात्याकडे असेल तसंच), कर क्रमांक, पत्ता, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक. नुसता 'देणगी' एवढा शेरा लिहून आलेले पैसे कोणाचे हे संस्थेच्या हिशेबनिसाला कळत नाही. ते सस्पेन्समध्ये (कोणाचे ते ठरेपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात) पडून राहतात आणि वर्षअखेरीला पावतीवरून दोन्ही बाजूंची डोकेफोड होते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तर पाठवूच नका. रक्कम संस्थेच्या खात्यात जमा झाल्याची तारीख पुढच्या वर्षात गेली तर सवलतही पुढच्या वर्षात जाऊ शकते. चार-पाच कामाचे दिवस हातात ठेवा.

ऑटोडेबिट कार्डावर लावू नका, बँक खात्यावर लावा. कार्डाची मुदत संपली की देणगी गुपचूप बंद पडते. देणाऱ्याला वाटतं चालू आहे, आणि संस्था संकोचाने विचारत नाही. तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांची निवडा, नाहीतर शिल्लक नसल्याने व्यवहार परत गेला तर वर दंड.

ऑफिस म्हणून करताय तर एचआरला दोन गोष्टी विचारा: पगारातून थेट कपात करून देता येते का, आणि कर्मचाऱ्याने दिलं तेवढंच कंपनी घालते का. दुसरी सोय असेल तर अर्जाला मुदत असते आणि संस्था त्यांच्या यादीत असावी लागते. यादीत नाव चढवायला वेळ लागतो, म्हणून हे आधी विचारा, पैसे नंतर पाठवा.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. फॉरवर्ड होत आलेल्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नका. स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी कोणा व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. खाते क्रमांक संस्थेच्या वेबसाइटवरून घ्या, आणि तो पत्ता स्वतः टाइप केलेला असू द्या. आणखी एक, चुकून जास्त रक्कम गेली तर 'उरलेले दुसऱ्या खात्यात परत करा' असं सांगू नका. चोरीच्या कार्डावरून मोठी देणगी देऊन परतावा दुसरीकडे मागायची भामट्यांची जुनी युक्ती आहे, त्यामुळे शहाणी संस्था पैसे आले त्याच मार्गाने परत करते.

कोठीघर

वस्तूंचं सांगते. पहिली गोष्ट, गोळा करायला निघालेल्या मंडळींना आजच्या आज थांबवा. आधी संस्थेची यादी घ्या, मग गोळा करा. मागितलेलं नसताना आलेल्या कपड्यांच्या ढिगामुळे काय होतं ते सांगते: दोन माणसं दिवसभर निवडत बसतात, निम्म्याहून जास्त माल फाटका, घामट किंवा लहान मुलांचा निघतो, आणि तो टाकायला पुन्हा गाडीभाडं संस्थेच्या खिशातून जातं.

जवळपास कुठल्याही निवाऱ्यात कायम कमी पडणारी वस्तू म्हणजे मोजे. दिवसभर चालणं, ओले बूट, रात्री बूट काढले तर चोरीला जायची भीती, त्यामुळे पाय तासन् तास ओले राहतात. त्वचा पांढरी पडून सुरकुतते, बधिर होते, मग भेगा आणि संसर्ग. यासाठी बर्फ पडायला लागत नाही, गोठणबिंदूच्या बऱ्याच वरच्या तापमानातही नुसत्या ओल्या गारठ्याने हे होतं. मोजे नवे, जाड, गडद रंगाचे आणि लोकरमिश्रित द्या. निव्वळ सुती मोजा पाणी धरून ठेवतो. घोट्यापर्यंतचे नकोत, पोटरीपर्यंतचे हवेत. अंतर्वस्त्रं फक्त नवी आणि पाकिटबंद. पुरुषांची मधली आणि मोठी मापं सगळ्यात आधी संपतात, अगदी लहान मापं पडून राहतात.

ब्लँकेटबद्दल लोकांचा उत्साह दांडगा असतो, म्हणून जरा सविस्तर. दुहेरी पलंगाच्या रजया, दुलया, पिसांच्या गाद्या नकोत. निवाऱ्याच्या वॉशिंग मशीनमध्ये त्या मावत नाहीत, वाळायला दोन दिवस घेतात, आणि रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला पाठीवर नेता येत नाहीत. एकेरी फ्लीसचं ब्लँकेट हलकं असतं, लवकर वाळतं, गुंडाळून पिशवीत बसतं. आणि उघड्यावर झोपणाऱ्यासाठी दुसऱ्या ब्लँकेटच्या आधी अंगाखालचा फोमचा पट्टा घ्या. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, वजनाखाली दबलेलं ब्लँकेट ती अडवू शकत नाही. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा फोम हवा. स्पंजसारखा फोम एका पावसात निकामी होतो.

वापरलेले कपडे द्यायचेच असतील तर जॅकेट, स्वेटर, जाड पँट, बूट. चेन वरखाली ओढून बघा, खिसे उलटे करा. बूट लेसने एकमेकांना बांधा, नाहीतर गोदामात डावा एकीकडे आणि उजवा दुसरीकडे. माप टाचेवर चिकटपट्टीने लिहा, आतलं पुसलेलं असतं. धुताना ६० अंशांवर धुवा किंवा ड्रायरमध्ये सगळ्यात जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा, त्याने ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. ज्याला उष्णता चालत नाही ते उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. मग लगेच पिशवीत बंद करा. एक ढेकणाळलेलं पोतं अख्खा निवारा रिकामा करायला लावतं, म्हणून काही संस्था वापरलेली पांघरुणं घेतच नाहीत. त्याचा राग मानू नका.

स्वच्छतेच्या वस्तू लहान आकारात द्या. काचेची बाटली नको, अल्कोहोल असलेला माउथवॉश किंवा सॅनिटायझर संस्थेला न विचारता नको (व्यसनमुक्तीत असलेल्यांसाठी तो धोका असतो). साबणाबरोबर झाकणाची डबी द्या, ओला साबण पिशवीत कसा ठेवणार? सॅनिटरी पॅड पूर्ण पाकिटात, शक्यतो जास्त शोषणारे, कारण बदलायला जागा दिवसातून फार वेळा मिळत नाही. नेलकटर, कंगवा, वाचायचे तयार चष्मे हे कोणाला सुचत नाही आणि हातोहात जातं.

माझ्या मते सगळ्यात कमी लेखलेली वस्तू म्हणजे कागदपत्रांसाठी जलरोधक पाकीट: झिपलॉकसारखं, गळ्यात किंवा कपड्याच्या आत बांधता येईल असं. ओळखपत्र भिजलं किंवा हरवलं की खातं, उपचार, नोकरी, खोली सगळं अडतं आणि पुन्हा पहिल्यापासून खेटे सुरू. त्याच्या जोडीला नंबरचं कुलूप. किल्ली हरवते, नंबर हरवत नाही.

औषधं अजिबात नकोत, घरातली उरलेली तर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ पासून आहेत. त्यांत रुग्णाला एकदा दिलेली औषधं परत घेऊन दान करू नयेत आणि पोहोचल्यावर मुदत किमान १ वर्ष शिल्लक असावी, असं स्पष्ट म्हटलंय. ती देशोदेशींच्या औषधमदतीसाठी असली तरी कारणं इथेही तीच लागू होतात.

खोकी १२-१५ किलोंच्या आत भरा, एका माणसाला उचलता आली पाहिजेत. दोन बाजूंना लिहा: काय, किती, कोणतं माप. साबण आणि खाण्याचे पदार्थ एका खोक्यात घालू नका, बिस्किटांना साबणाचा वास लागतो.

पातेलं

शिजवलेल्या अन्नाबद्दल. विचार चांगला, पण चार गोष्टी सांभाळता येत नसतील तर करू नका.

गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ च्या खाली राहिलं पाहिजे. मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त गेलं की ते वाटू नका. थर्मामीटर वापरा, हात लावून अंदाज घेऊ नका. घोळ होतो तो मोठ्या पातेल्यात. वरून गार लागतं, मधला गोळा कित्येक तास कोमट राहतो आणि भातासारख्या पदार्थात शिजवूनही टिकून राहिलेले जिवाणूंचे बीजाणू तिथेच वाढायला लागतात. काही जिवाणूंचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. त्यामुळे आदल्या रात्री करून ठेवायचं असेल तर पसरट ट्रेमध्ये दोन-तीन बोटं जाडीचा थर करून झटपट गार करा, फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी आतपर्यंत ७५ अंश होईल असं तापवा. एकदाच.

कोरडा शिधा त्याहून सोपा, पण घेणाऱ्याकडे चूल आहे का हा प्रश्न आधी. रस्त्यावरच्या माणसाला पिठाचं पाकीट देऊन काय उपयोग? डबाबंद पदार्थ ओढून उघडणाऱ्या झाकणाचे घ्या. दात दुखणारे, पडलेले खूप असतात, तेव्हा कडक पदार्थ नकोत. मधुमेहींचा विचार करून नुसतं गोड नको. प्रत्येक पाकिटावर काय घातलंय आणि कधी बनवलं हे लिहा, शेंगदाणा आणि दूध तर नक्की.

आणि सुट्टीच्या दिवशी करू नका! त्या दिवशी तुमच्यासारखेच आणखी तीन गट येतात, अन्न फेकावं लागतं, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी कोणी फिरकत नाही. संस्थेकडून रिकामा वार मागून घ्या.

ताळेबंद

अट घालण्याबद्दल. 'फक्त ब्लँकेट' असं लिहून दिलं की हिशेबात तो पैसा वेगळा ठेवावा लागतो. पन्नास देणगीदारांनी तेच लिहिलं तर कोठीत ब्लँकेट छताला लागतात आणि वीजबिल भरायला पैसा नसतो. तो पैसा दुसरीकडे वळवणं हा नियमभंग ठरतो, त्यामुळे प्रामाणिक संस्थाच जास्त अडकते.

तरीही अट सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. वीस जणांना एकत्र ठेवायला काहीतरी ठोस नाव लागतं. अशा वेळी पत्रात एवढं लिहा: 'ही रक्कम शक्यतो थंडीतील निवाऱ्यासाठी वापरावी; त्यासाठी गरज नसल्यास संस्थेने योग्य वाटेल त्या कामासाठी वापरावी.' दुसरं वाक्य विसरू नका, सगळी मोकळीक त्यातच आहे.

संस्था तपासताना नोंदणी क्रमांक आणि करसवलतीचा दाखला (मुदतीसह) बघा. गेल्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. 'व्यवस्थापन खर्च' किती टक्के हा आकडा एकटाच बघून निकाल देऊ नका. तोच पगार एका संस्थेत व्यवस्थापनात लिहिलेला असतो, दुसरीत कार्यक्रमात, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या खर्चात. निवाऱ्यात तर माणूस हाच कार्यक्रम आहे. समुपदेशक, रात्रीचा पहारेकरी, कागदपत्रांसाठी सोबत जाणारा कार्यकर्ता, यांचे पगार काढून टाकले तर उरतं काय? त्याऐवजी हे बघा: शिल्लक निधी किती महिन्यांच्या खर्चाएवढा आहे (एक महिना म्हणजे धोक्याची घंटा, कित्येक वर्षांचा असेल तर का साठवला हे विचारा), लेखापरीक्षकाने काही शेरा मारलाय का, संचालक मंडळावर सगळे एकाच घरातले आहेत का. आणि अहवालात फक्त 'इतकी ताटं, इतकी ब्लँकेटं' आहे की किती जणांना खोली मिळाली, त्यातले किती जण वर्षभरानंतरही तिथे टिकले, हेही आहे?

हा शेवटचा आकडा मी मुद्दाम विचारतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी 'आधी घर' ही पद्धत सुरू केली: व्यसन सोडा, उपचार घ्या अशा पायऱ्या चढायला न लावता आधी स्वतःची खोली आणि मग लागेल तो आधार. कॅनडात २००९ ते २०१३ दरम्यान पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर तिची चाचणी झाली आणि नेहमीच्या पद्धतीपेक्षा यात लोक घरात जास्त टिकले. तुमची संस्था अशा कामाकडे वळत असेल तर 'पहिल्या खोलीचा संच' ही सामान देण्याची उत्तम जागा आहे: गादी, चादर, उशी, बादली, एक पातेलं, ताट-वाटी, बल्ब, कुलूप. रिकाम्या खोलीत पहिल्या रात्री यातलं काहीच नसतं.

रात्रपाळी

वरच्याला जोडून. 'बेघरांना थेट रोख दिली की उडवतात' अशीही शंका बऱ्याचदा ऐकू येते, तिच्याबद्दल कॅनडातल्या व्हँकुव्हरमधला एक प्रयोग वाचण्यासारखा आहे. ५० बेघर व्यक्तींना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकदाच, कोणतीही अट न घालता दिले. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पैसे न मिळालेल्या गटाच्या तुलनेत वर्षभरात त्यांचे बेघर असण्याचे दिवस सरासरी ९९ ने कमी झाले, आणि दारू-सिगारेटसारख्या गोष्टींवरचा खर्च वाढला नाही. तीव्र व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेले त्यात घेतले नव्हते हेही सांगायला हवं. म्हणून सगळ्यांना पाकीट वाटत सुटा असं नाही. पण काही संस्थांकडे अडचणनिधी असतो: खोलीची अनामत, ओळखपत्राची फी, मुलाखतीला जायचं भाडं. असा निधी असेल तर थोडी रक्कम तिकडे द्या, लहान पैशात मोठी अडचण सुटते.

पायवाट

खूपच उपयोगी. कपड्यांची मोहीम थांबवलीय (थोडी भांडणं झाली). दोन प्रश्न उरलेत. संस्थेला फोन करून नेमकं काय विचारायचं? आणि एका सहकाऱ्याला मृत्युपत्रात संस्थेचं नाव घालायचंय, ते कसं?

रात्रपाळी

फोन सकाळी उशिरा किंवा दुपारी करा. संध्याकाळी प्रवेशाची गर्दी असते, तेव्हा फोन उचलणारा माणूसच दारावर असतो. विचारा: या महिन्यात काय संपलंय? काय नको आहे? (हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.) सामान कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण उतरवून घेणार? साठवायला जागा आहे का, की आम्ही तीन हप्त्यांत आणू? वस्तू तुम्ही घाऊक दरात घेता का? घेत असतील तर मोज्यांचे पैसे दिलेले बरे, तेवढ्याच रकमेत जास्त जोड येतात.

पैसे-वस्तूंपलीकडे गाडी आणि चालक, धुलाईची सोय, हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळणारं कोणी, अर्ज भरायला मदत, हेही विचारून ठेवा. दारात उभं राहून वाटप करणारे हात मात्र बहुतेक ठिकाणी पुरेसे असतात.

फोटोबद्दल: वस्तू हातात घेतलेल्या माणसाचा फोटो नको. समोर जेवण ठेवून मागितलेली परवानगी ही परवानगी नसते. शिवाय काही जण, विशेषतः घरातल्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायका, नेमक्या कुठे राहतात हे कळू नये म्हणून तिथे आलेल्या असतात. खोक्यांचा फोटो काढा, पाठीमागे इमारतीची पाटी येणार नाही असा.

ताळेबंद

मृत्युपत्रात संस्थेचं रोजच्या वापरातलं नाव चालत नाही. नोंदणीतलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता लिहा. एकसारख्या नावाच्या दोन संस्था निघाल्या की वारस आणि संस्था दोघेही कोर्टात. ठरावीक रक्कम लिहिली तर महागाईने तिची किंमत घटते, म्हणून शक्यतो 'बाकी सगळं वाटून उरलेल्या मालमत्तेचे इतके टक्के' असं लिहितात. संस्था बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली तर रक्कम तिच्या उत्तराधिकारी संस्थेला, तीही नसेल तर त्याच हेतूच्या दुसऱ्या संस्थेला, असं कलम घालायला वकिलाला सांगा. साक्षीदार लाभार्थी संस्थेतले नकोत. घर किंवा जमीन द्यायची असेल तर आधी संस्थेला विचारा. कर्ज किंवा भाडेकरूचा वाद असलेली मालमत्ता काही संस्था नाकारतात.